कोऱ्या बोळ्याची साक्ष

१

कापसाचा बोळा लाल झाला तेव्हा माझ्या घरच्या अंगणात आम्ही सगळ्याजणी उभ्या होतो, आणि कुणीही कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

लास्कुरायन साहेबांनी दुसरा वाडगा उचलला. ग्वादालाहारा शहरातल्या मोठ्या खानावळींसाठी ते गावोगाव फिरून भांडी खरेदी करायचे. नवा बोळा त्यांनी व्हिनेगरच्या वाटीत बुडवला, वाडग्याच्या तळाशी घासला, पांढऱ्या बशीत ठेवला आणि खिशातल्या बाटलीतून त्यावर पिवळे थेंब सोडले. क्षणभर पिवळं राहिलं. मग कडेनं गुलाबी झालं आणि बघता बघता डाळिंबासारखं लाल. तिसऱ्या वाडग्याचंही तेच.

"शिसं," साहेब म्हणाले आणि बाटलीचं बूच लावलं.

हा शब्द आमच्या कुरिंगारो गावात शिवीसारखा होता. पिढ्यानपिढ्या आमची हिरवी भांडी ग्रेतानं चमकत आली. ग्रेता म्हणजे शिशाची पूड. ती मातीवर चढवायची, भट्टीत घालायची, की भांडं आरशासारखं होतं. मग माझ्या लेकीच्या, आरासेलीच्या रक्तात शिसं सापडलं. हुशार पोर, येणारी अक्षरं विसरायला लागली. त्या वर्षी आम्ही काहीजणींनी घरातली सगळी जुनी भांडी चौकात नेऊन फोडली, बिनशिशाची झिलई शिकून घेतली आणि मंडळ काढलं. गावातले पुरुष हसले. आम्ही हसू दिलं. साहेबांची ही पहिली मोठी मागणी आली तेव्हा मात्र कुणी हसलं नव्हतं.

आज हसणारा फाटकातच उभा होता. एवेरार्दो शेट. गावात ग्रेता विकायचं दुकान त्याचं.

"काय हासिंता, शेवटी माझ्याच मालानं चमकली ना तुझी भांडी? आधी सांगितलं असतंस तर पोत्यामागे सूट दिली असती."

"तुझं दुकान उघडं टाकून आलायस, शेट," मी म्हणाले. "जा. चुकून एखादं गिऱ्हाईक यायचं."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ होता. "बाई, तुम्ही चूक कबूल करा. चारचौघांत सांगा, आमच्या मालात शिसं निघालं. मी भांडी शोभेची म्हणून घेतो. भाव अर्थात तो राहणार नाही. नाहीतर ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या जत्रेत मला सगळ्या व्यापाऱ्यांना सावध करावं लागेल."

"आम्ही शिसं घातलेलं नाही."

"मग आलं कुठून?"

"ते मला माहीत नाही. पण न केलेलं मी कबूल करणार नाही. चारचौघांत नाही आणि एकट्यातही नाही."

"मी शनिवारी ट्रक घेऊन येतोय," ते म्हणाले. "तोवर विचार करा."

ते गेल्यावर अंगणात जे झालं, ते त्यांच्या धमकीपेक्षा वाईट होतं. झिलई कालवणारी मी. आणि माझ्याच मैत्रिणी आता माझ्या हातांकडे बघत होत्या.

२

ब्रिहिदा बाईंनी हायस्कूलमध्ये जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन गावी आल्या आणि टर्की पाळायला लागल्या. म्हणायच्या, पोरांपेक्षा या बऱ्या, निदान शिकल्याचं सोंग करत नाहीत. मी रडत त्यांच्या दारात गेले तर त्यांनी दाण्याची पाटी माझ्याच हातात दिली.

"रडून झालं की सांग. तोवर यांना घाल."

सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं. "तुम्ही घरी तपासली होतीत का भांडी?"

"प्रत्येक भट्टीनंतर. दवाखान्यातल्या ताईंनी तेच थेंब दिलेत आम्हाला. कायम पिवळेच राहिले."

"म्हणजे भट्टीतून निघाल्यावर काहीतरी झालंय. किंवा कुणीतरी केलंय." त्यांनी पदर झटकावा तशी शाल झटकली. "चल. आधी टेबल मांडणाऱ्या तुझ्या त्या मैत्रिणीकडे."

ओदिलिया चाकावर बसली होती. तिचे वाडगे या मागणीतून आम्ही वगळले होते, कड खडबडीत आली म्हणून. ती त्यावरून मंडळात बरंच काही बोलली होती. शिवाय साहेबांच्या टेबलावर कापूस आणि बशा मांडणारी तीच.

"आलात?" ती मान वर न करता म्हणाली. "मला ठाऊक होतं, पहिली माझ्याकडेच येणार."

"चिमूटभर ग्रेता घातली असती तर कड गुळगुळीत आली असती, असं तू म्हणाली होतीस," बाई म्हणाल्या.

"म्हणाले होते. अजून दहादा म्हणेन. बोलणं आणि घालणं एक असतं का बाई?" तिनं चाक थांबवलं. "माझा धाकटा आरासेलीबरोबर खेळतो. एकाच ताटात जेवतात दोघं. माझ्या वाडग्याच्या कडेसाठी मी त्याला विष घालीन?"

 तिथून आम्ही शेटच्या दुकानात गेलो. त्यानं खुर्ची दिली नाही.

"मी त्या अंगणात पाऊलही टाकलेलं नाही, फाटकात होतो. विचारा कुणालाही," तो म्हणाला. "आणि फुकट ग्रेता कोण वाटतं हो? माझं डोकं फिरलंय का?"

"मंडळ बुडालं तर फायदा तुझाच."

"मग? पाऊस पडला की छत्रीवाल्याचा फायदा होतो. म्हणून काय पाऊस त्यानं पाडला?" तो माझ्याकडे वळला. "तुझ्या सासूला विचार, खरी भांडी कशाला म्हणतात ते. फेलीसितास काकूंच्या हातची हिरवी झिलई राजधानीत मिरवली गेली. आणि तुम्ही ती चौकात फोडलीत."

हे लागायचं तिथे लागलं. घरी आलो तेव्हा सासूबाई चुलीपाशी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मंडळात त्या कधी आल्या नाहीत. भांडी फोडली त्या दिवशी दार लावून घेतलं होतं आणि नंतर महिनाभर माझ्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"काय सापडलं, मास्तरीणबाई?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही, काकू."

"सापडायचंही नाही. ते थेंबच खोटे आहेत. कशानंही लाल होतात." त्यांनी शेंग मोडली. "त्या पिवळ्या पाण्यापायी माझ्या आयुष्यभराच्या कामाला विष म्हणालात. घ्या आता. तुमचीही लालच."

"कशानंही होतात?" बाईंनी हळूच विचारलं.

"कशानंही," सासूबाई म्हणाल्या आणि टोपली उचलून आत गेल्या.

आरासेली दारात बसून पाटीवर अक्षरं गिरवत होती. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हिचं कसं आहे?"

"उतरत नाही, बाई. घरातलं प्रत्येक भांडं बदललं. तरी रक्तातलं शिसं तेवढंच. डॉक्टर म्हणतात, अजून कुठून तरी पोटात जातंय."



३

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मंडळाच्या सगळ्याजणींना आमच्या कोठीत बोलावलं. खिडकीवर घोंगडी टांगली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना.

"माझा एक जुना विद्यार्थी प्रयोगशाळेत असतो," अंधारातून त्यांचा आवाज आला. "हा फवारा त्यानं पाठवलाय. थेंब नुसते हो की नाही सांगतात. फवारा जागा दाखवतो. जिथे शिसं असेल तिथे या जांभळ्या बॅटरीखाली हिरवं चमकेल. जिथे नसेल तिथे काही नाही."

"आणि सगळा वाडगाच चमकला तर?" ओदिलियानं विचारलं.

"तर झिलईत शिसं आहे आणि तुमच्यातलं कुणीतरी खोटं बोलतंय. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जा."

कुणी हललं नाही.  

आधी त्यांनी न तपासलेला एक वाडगा घेतला. फवाऱ्याचा आवाज झाला. बॅटरी लागली. मिणमिणता जांभळा उजेड आणि त्यात वाडग्याचा काळा आकार, बस्स. दुसरा घेतला. तोही काळा. मग साहेबांनी तपासलेल्या तीन वाडग्यांतला पहिला.

तो चमकला.

काजव्यासारखा, थंड, हिरवा. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. माझी मान खाली गेली. एवढी वर्षं, एवढी भांडणं, आणि आमच्याच भांड्यात.

"खाली मान घालू नकोस," बाई कडाडल्या. "नीट बघ! किती चमकतंय?"

मी पाहिलं. वाडगा चमकत नव्हता. तळाशी पेसोच्या नाण्याएवढा एक ठिपका चमकत होता. त्याच्या कडेला एक बारीक ओघळ, थेंब घरंगळावा तसा. बाकी सगळीकडे अंधार. दुसरा, तिसरा वाडगा, तसाच. एकेक ठिपका, बरोबर बोळा घासला होता तिथे.

"झिलईतलं शिसं असं नाण्यापुरतं बसत नाही," बाई म्हणाल्या. "भांड्यातलं शिसं बोळ्याला लागलं नाही, पोरींनो. बोळ्यातलं शिसं भांड्याला लागलंय."

४

घोंगडी काढल्यावर उजेडात सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी साहेबाला शिव्या घातल्या, कुणी शेटला. बाईंनी टेबलावर चापट मारली.

"वाडग्याला काय काय लागलं? साहेबाचा हात, कापूस आणि व्हिनेगर. कापूस कुठला?"

"दवाखान्याचा," ओदिलिया म्हणाली. "पाकीट साहेबांनीच सगळ्यांसमोर फोडलं. हातमोजे पण त्यातलेच घातले."

"मग राहिलं व्हिनेगर. ते तू ओतलंस?"

"नाही. मी बशा मांडायला आले तेव्हा वाटी भरलेलीच होती. मला वाटलं, हासिंतानं भरली."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"मी नाही भरली. मी बाटली विकत आणून फडताळात ठेवली होती. मला वाटलं, ओदिलियानं त्यातलं घेतलं."

बाई माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. फडताळात बाटली होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. झाकणाचं सील तसंच होतं.

"या घरात आणखी कुठे व्हिनेगर असतं, हासिंता?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आठवलं. अननसाच्या सालींचं व्हिनेगर. सासूबाई घालतात, त्यांच्या खोलीत. त्यात मिरच्या आणि गाजरं मुरवतात. आरासेली शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आजीच्या खोलीत पळते, आणि येते तेव्हा तिच्या बोटांना तो आंबट वास असतो. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आजी-नातीचं ते गुपित होतं, म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं.

मी खोलीकडे धावले. पलंगाखाली हात घातला. हाताला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. ओढून काढलं. हिरवा घडा, आरशासारखा. राजधानीत बक्षीस मिळालेला त्यांचा घडा. चौकात फुटला असं मी समजत होते तो.

"ठेव ते खाली," दारातून सासूबाई म्हणाल्या.

५

त्या पळाल्या नाहीत की गोंधळल्या नाहीत. ताठ उभ्या होत्या.

"वाटी मी भरली," त्या म्हणाल्या. "कुणाच्या बापाला भीत नाही. मी शिसं घातलेलं नाही. नुसतं व्हिनेगर ठेवलं."

"का, आत्याबाई?" मी विचारलं. "आम्हाला बुडवायला?"

"तुझे ते थेंब मी एकदा घेतले होते. तू नव्हतीस तेव्हा. भांडं नाही, काही नाही, नुसता कापूस या व्हिनेगरात भिजवला आणि थेंब टाकला. लाल! कशाला न लावता लाल. तेव्हाच कळलं मला, ते व्हिनेगरनंच लाल होतात. माझ्या भांड्यांना उगाच बदनाम केलं." त्यांची मान वर होती. "म्हटलं, तुमचीही भांडी याच व्हिनेगरनं तपासू देत. लाल झाली की तुम्हालाच पटेल, तपासणी खोटी आहे. तो माणूस मागणीच रद्द करेल, हे मला नव्हतं ठाऊक."

ब्रिहिदा बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "काकू, कशालाही न लावलेला कोरा बोळा तपासायचं त्या साहेबाला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं. पण तुम्ही अर्ध्यावर थांबलात. व्हिनेगर दोन तऱ्हेचं असतं. घड्यातलं आणि घड्याबाहेरचं."

त्यांनी फडताळातल्या बाटलीचं सील फोडलं. बोळा भिजवला, थेंब टाकला. पिवळा. आम्ही वाट पाहिली. पिवळाच.

मग घड्यातल्या व्हिनेगरात दुसरा बोळा भिजवला. थेंब पडायचा अवकाश, लाल.

"हे कसलं तरी वेगळं व्हिनेगर..." सासूबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे तुमचं. शंका काढायलाच हवी." बाईंनी बाटलीतलं व्हिनेगर एका रिकाम्या काचेच्या पेल्यात ओतलं. मग घडा रिकामा केला, धुतला आणि बाटलीतलं उरलेलं त्यात ओतलं. "उद्या सकाळी बघू. खोली तुमची, कुलूप तुमचं. किल्ली कमरेला लावा."

सकाळी सासूबाईंनी स्वतःच कुलूप काढलं आणि बोळे स्वतःच भिजवले. पेल्यातला पिवळा राहिला. घड्यातला लाल झाला. एकाच बाटलीतलं व्हिनेगर, फरक फक्त एका रात्रीच्या मुक्कामाचा.

त्यांनी फवारा मागितला. कोठीत घोंगडी लावून मी बॅटरी पेटवली. घडा आतून बाहेरून, गळ्यापासून बुडापर्यंत हिरवा पेटला. भिंतीवर उजेड पडावा इतका. खरं सांगते, फार सुंदर दिसत होता.

"आंबटानं शिसं सुटतं, काकू," बाई म्हणाल्या. "मिरच्यांत उतरतं."

"गाजरांत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी घड्याच्या तोंडावर तळवा ठेवला. मग म्हणाल्या, "तिला गाजरं आवडतात."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. इतके महिने मी डॉक्टरांच्या दारात घालवले होते. पण त्या अंधारात त्यांचा हात माझ्या मनगटावर आला, आणि तो इतका गार होता की मी तो तसाच राहू दिला.

"तो माणूस उद्या येणार ना?" त्यांनी विचारलं. "कुठे थांबतो?"

६

शनिवारी चौकात ट्रक उभा होता. इतरांचा माल भरणं चाललं होतं. एवेरार्दो शेट लास्कुरायन साहेबांशी हसत बोलत होता. आम्ही मंडळाच्या सगळ्याजणी आलो. पुढे सासूबाई, रेशमी शालीत, काखेत घडा.

"काय ठरलं?" साहेबांनी मला विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. ट्रकच्या फळीवर त्यांनी घडा ठेवला आणि चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. वाटी कुणी भरली, कशानं भरली, का भरली. एक शब्द गाळला नाही की डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मग ब्रिहिदा बाईंनी सगळ्यांसमोर बोळे मांडले. कोरा पिवळा. वाडग्यांचे पिवळे. घड्याचा लाल.

साहेबांचा चेहरा उतरला. "ठीक आहे. गैरसमज झाला. माल भरा, विषय संपला."

"संपला नाही," मी म्हणाले. "चूक चारचौघांत कबूल करायची असते, असं तुम्हीच म्हणालात. कोरा बोळा तुम्ही तपासला होतात का?"

"बाई, आता कशाला..."

"तपासला होतात का?"

 ट्रकवरचे हमालसुद्धा थांबले.

"नाही," ते म्हणाले.

"मोठ्यानं."

"नाही तपासला! माझी चूक झाली."

"आता भरा माल. ठरलेल्या भावानं. आणि जत्रेतही हेच सांगा."

एवेरार्दो शेट तोंडातल्या तोंडात हसला. "म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात काहीतरी भरवलंय यांनी. फेलीसितास काकू, अहो, आपले आजे-पणजे याच भांड्यांत जेवले. मेले का?"

"मेलेच की," सासूबाई म्हणाल्या. "कशानं ते कुणी विचारलं नाही. एवेरार्दो, तुला झिलई मी शिकवली आणि ती ज्या पुडीनं चढवायची ती विकायची अक्कल तू काढलीस. आता तुला दुसरं शिकवते. उद्यापासून मी यांच्या मंडळात. यांचा हिरवा रंग भिकार आहे, शेवाळ्यासारखा. तो मी सुधारणार. बिनशिशाचा सुधारणार. तुझ्या पुडीवाचून."

"आम्हाला विचारलंत का, काकू?" ओदिलिया मागून म्हणाली.

"तुझी कड आधी सरळ कर," सासूबाई म्हणाल्या, "मग विचारते."

मंडळातल्या बायका हसल्या. बोळा लाल झाला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.  शेट वळला, तर त्याची बायको पाठीमागे नव्हती. आत्ता होती, आत्ता नाही.

ती रामोना. दुकानात गल्ल्यामागे बसायची, आणि नवरा बोलत असला की कधी तोंड उघडायची नाही. गर्दी बाजूला झाली आणि ती घरून येताना दिसली. दोन्ही हातांत लोणच्याची तपकिरी बरणी, पोटाशी धरलेली. आतलं व्हिनेगर हिंदकळून तिच्या झग्यावर सांडत होतं. तिनं ती सासूबाईंच्या घड्याशेजारी फळीवर ठेवली.

"रामोना!" शेट खेकसला. "उचल ते. घरी चल."

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. चौकाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक बाई तिच्या दारातून बाहेर पडली होती, तिच्या हातात झाकलेलं मडकं. तिच्या मागे तिची जाऊ.

"सरक जरा," रामोना नवऱ्याला म्हणाली. "मागे रांग लागलीय." मग तिनं बाह्या वर केल्या, कापसाचा बोळा स्वतः उचलला आणि बरणीत बुडवला.

"टाका थेंब, बाई."